व्याह्यांनी आणलेली गोळी

"आज नका उठवू हो त्यांना. केवढ्या दिवसांनी गाढ झोपलेत," काकू मला म्हणाल्या. चेहरा आनंदानं फुललेला.

मी फिजिओथेरपिस्ट. देवासमध्ये घरोघरी जाऊन पेशंटचे व्यायाम करून घेते. अण्णा माझे पेशंट, काकूंचे यजमान. आयुष्यभर लग्नांतून फेटे बांधत आले. बाथरूममध्ये पडले आणि पाठीचा मणका दबला. कंबरेला बेल्ट, शेक आणि माझे व्यायाम असं चाललं होतं. नुसतं कुशीवर वळवलं तरी ते ओरडायचे, आणि ओरडताना माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

खरी अडचण दुसरीच होती. अण्णांना जुना सिरॉसिस, म्हणजे लिव्हर आक्रसून कडक झालेलं. थेंबभर दारू न पिता झालेला, हे ते न विचारताच सगळ्यांना सांगत. अशा माणसाला दुखण्यावर काय द्यायचं हा पेच असतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन अशा नेहमीच्या पेनकिलर चालत नाहीत. किडनी बंद पडू शकते, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून इंदूरच्या डॉक्टरांनी साधी पॅरासिटामॉल लिहून दिली होती, तीही निरोगी माणसापेक्षा कमी मर्यादेत. पण घरात कुणीतरी मोबाइलवर वाचलं की पॅरासिटामॉल लिव्हर खाते. झालं! चालणारी गोळी कपाटात पडून राहिली. मी समजावलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि गोळी तिथेच राहिली.

मग आज हे दुखणं गेलं कुठे? मी तशीच आत गेले.

खोलीत अण्णांच्या उशाशी वामनराव चहा पीत बसले होते. अण्णांचे व्याही, म्हणजे त्यांच्या सुनेचे, स्वातीचे वडील. दोन-तीन दिवसांपूर्वी हाटपिपल्याहून मुक्कामाला आलेले.

"बघा ताई, कसा आराम पडला," ते खुशीत म्हणाले.

मी हाका मारल्या. बऱ्याच वेळानं अण्णांनी डोळे उघडले.

"अक्का, दिवे लागले का?"

बाहेर भर दुपार होती. अक्का ही त्यांची थोरली बहीण, कधीच वारलेली. काकू हसून म्हणाल्या, "झोपेत आहेत अजून."

व्यायाम म्हणून मी त्यांच्याकडून फेट्याच्या घड्या घालून घ्यायची. कापडाचं टोक हातात दिलं. ते त्याच्याकडे नुसते बघत राहिले. त्याचं काय करायचं हेच त्यांना कळेना. आता मी खरोखर घाबरले.

"अण्णा, हात पुढे करा. गाडी थांबवताना करतो तसे."

हात वर आले, पण पंजे एका जागी ठरेनात. झटक्यानं खाली पडायचे, वर यायचे, पुन्हा पडायचे. लिव्हरनं बाहेर टाकायचं ते विष मेंदूपर्यंत पोचल्याची ही खूण. कॉलेजात असताना वॉर्डात एका पेशंटचे असे हात पाहिले होते. तो घरी गेला नाही.

"काकू, पोट कधी साफ झालं यांचं?"

काकूंनी व्याह्यांकडे पाहिलं आणि पदर सावरला. "अहो, पाहुण्यांसमोर काय हे!"

"सांगा काकू."

"पाहुणे आले तेव्हापासून नाही," त्या पुटपुटल्या.

"आणि नवीन गोळी कोणती दिली?"

दाराशी उभी स्वाती खाली बघत होती. "डॉक्टरांचीच आहे," काकू म्हणाल्या, आणि ते खोटं होतं हे लहान पोरालाही कळलं असतं.

"माणूस हातचा चाललाय, आणि तुम्ही मानपान काय सांभाळताय?" मी ओरडलेच.

वामनरावांनी कप खाली ठेवला. शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. "मीच दिली, ताई. गुडघ्याच्या ऑपरेशनची उरली होती. मला तर एकदम बढिया आराम पडला होता. म्हटलं, यांनाही..."

ट्रॅमाडॉल, अफूच्या जातीची जबर पेनकिलर. आजारी लिव्हरला ही गोळी लवकर निपटता येत नाही. ती अंगात साठते, गुंगी आणते, पोट बांधून टाकते. मग पोटातली घाण रक्तातून डोक्यात चढते.

"मी म्हटलं होतं डॉक्टरांना विचारू," स्वाती रडवेली झाली. "पण आई म्हणाल्या, व्याह्यांचं मन कसं मोडायचं?"

मी इंदूरच्या डॉक्टरांना फोन लावला. "बोलतायत का?" त्यांनी विचारलं.

"बोलतात, पण माणसं ओळखत नाहीत."

"इंदूरला आणत बसू नका. तिथेच जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या, आत्ता. गोळ्यांची पट्टी दाखवा. तोंडातून पाणीसुद्धा देऊ नका."

वामनरावांच्याच गाडीतून निघालो. अण्णांचं डोकं माझ्या खांद्यावर. मी नाव विचारत राहिले. आधी हुंकार यायचा, मग तोही येईना. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून श्वास बघत होते. काकू देवासच्या टेकरीवरच्या देवीला, माताजींना हाका मारत होत्या. वामनराव खिडकीतून ओरडत होते, "भिया, साइड दे यार, पेशंट है!"

हॉस्पिटलात सलाइन लागलं, पोट साफ होण्याचं औषध नळीतून सुरू झालं. तिथले डॉक्टर म्हणाले, "आत्ता काही सांगता येणार नाही." वामनराव बाकावर बसून होते. मला म्हणाले, "ताई, मी मारलं का हो त्यांना?" खरं सांगायचं तर मलाही तीच भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी पोट साफ झालं, तसे अण्णा हळूहळू शुद्धीवर आले. मी पाय जरा हलवून पाहिला, तर केवढ्यानं ओरडले!

"अगं ए बाई, माणूस आहे मी, खाट नाही!"

काकू तिथेच हुंदके देऊन रडायला लागल्या. शिव्या खाऊन इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

अण्णा घरी आले. पाठ अजून दुखते. डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत पॅरासिटामॉल, शेक आणि बेल्ट, एवढ्यावर भागवावं लागतं. मी आता अशा प्रत्येक घरी एकच सांगते. लिव्हरच्या पेशंटचं दुखणं एकाएकी थांबलं, तर आनंद नंतर करा, आधी त्याला त्याचं नाव विचारा.

वामनराव अजूनही रिकाम्या हातानं येत नाहीत. मागच्या वेळी शेव घेऊन आले. लिव्हरच्या पेशंटला मीठही बेतानंच.

"पप्पा, ही अण्णांना चालत नाही," स्वातीनं पिशवी घेता घेताच सांगितलं.

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. पण या वेळी गप्प बस म्हणाल्या नाहीत.