सरचा समुद्र

समुद्राची जेवढी काळजी आमच्या सरले होती, तेवढी त्यातल्या मासोयीलेही नसन. सर म्हणजे माह्या घरी भाड्यानं राहणारे, गडचिरोलीच्या कॉलेजात गणित शिकवणारे. समुद्र त्याईनं जन्मात पाह्यला नव्हता. पण दूरचा समुद्र अन् वारा एकमेकाले कसे नाचवते, अन् त्याच्यापायी आपला पाऊस कसा बिघडते, याचंच गणित मांडत बसत. एकदा जेवता जेवता घास हातात धरूनच म्हणे, "बाई, पाणी तापून राह्यलं." मी चुलीकडं पाह्यलं. तं ते पार दुनियेच्या त्या टोकाचं पाणी. एक दिवस माह्ये पाणी प्याचे दोन्ही गडवे कपड्याच्या दोरीले टांगले. एक हालवला का दुसरा आपोआप डुले, मंग पहिला थांबे. "बाई, हा समुद्र, हा वारा. कोण कोणाले हालवते, पाहून राह्यलो." मी म्हटलं, "पाहा सर. पण पाणी कायनं पेऊ?"

एका साली त्याईनं गावभर सांगितलं, यंदा पाऊस दगा देते. कोणी आयकलं नाई. अन् पाऊस असा आला का पाण्यानं भरून बोडीची पाळ फुटली, सर चपला हातात धरून कॉलेजात गेले. पानठेल्यावरचे पोट्टे म्हणत, "काय सर, तुमचा दुष्काळ लय वला हाय!" सरही हासले. पण तवापासून पावसाचं नाव काढणं सोडलं.

मंग काई सालानं मिरगात पाणी पडलं. माह्ये मालक वारल्यावर वावर माह्या एकटीवर. घरचं होतं नोतं तेवढं धान रोपं कराले पऱ्ह्यात टाकलं. अन् पाऊस जो गेला तो गेलाच. पऱ्हे उभेच्या उभे जळले. त्या साली मोहफुलं उकडून खाल्ले, चंद्रपूरले जाऊन विटा वाहिल्या. सांगण्यासारखं काई नाई त्यात.

सर दाराशी येऊन उभे राह्यले. "बाई, मले गणितात दिसलं होतं."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"पुन्हा चुकलो असतो तं लोक हासले असते."

"हासले असते तं तुमचे दात पडले असते का?" मी म्हटलं. अन् ताट वाढलं.

तवापासून दरसाल पेरणीच्या आधी सर पावसाचं सांगत. त्याईनं नाई म्हटलं का मी अर्धं बियाणं कणगीतच ठेवो. कधी बरोबर निघे, कधी नाई. चुकले का त्या दिवशी खाली मान घालून जेवत, भाजीत मीठ नसलं तरी मागत नसत.

सर रिटायर होऊन आपल्या गावाले गेले. आता पावसाचं टीव्हीवाला सांगते. तोही चुकते. पण दुसऱ्या दिवशी हासत हासत पुन्हा येते.