बोलणारी पेटी आणि परतीचा डबा

आमच्या घरी गोळ्या खायच्या नसत, ठेवायच्या असत. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचं आमचं गाव. दवाखाना पलीकडच्या तीरावर, आणि होडी भरतीच्या मर्जीवर. अब्बा आखातात, दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनला, बर्फाच्या कारखान्यात होते. दोन-तीन वर्षांनी घरी यायचे, तेव्हा बॅगेत साबण, अत्तर, दुधाच्या पावडरीचा मोठा डबा आणि गोळ्या. पावडर संपली की गोळ्या त्या डब्यात जायच्या, आणि अम्मी त्या रंगावरून सगळ्या मोहल्ल्याला वाटायची. पांढरी तापाला, गुलाबी अंगदुखीला. पिवळी कशावर ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ती सगळ्यात ताकदीची मानली जायची. अम्मीला स्वतःला ताप आला की ती गोळी मोडून अर्धी घ्यायची आणि अर्धी डब्यात परत टाकायची. मी विचारलं, तर म्हणायची, "पुरी घेतली तर मी बरी होईन गो. पण उद्या तू पडलीस तर?"

अशा घरातून मी बी.एस्सी. झाले. आमच्या खानदानात कॉलेजचा दरवाजा आतल्या बाजूनं बघणारी मी पहिली. हे मी चार माणसं जमली की सांगते, आणि कुणाला कंटाळा आला तर येऊ दे. पुढे मुंबईत सार्वजनिक आरोग्य शिकले आणि आता अबुधाबीत नोकरी करते. राहते तिथल्याच खलिफा सिटीत, नवरा, मुलगी आणि अम्मी-अब्बांबरोबर.

नोकरी काय, हे अम्मीला समजावणं परीक्षेपेक्षा अवघड गेलं. आरोग्यसेवेत रोज कुणीतरी नवीन काहीतरी घेऊन येतं. यंत्र, ॲप, फोनवरचा डॉक्टर. ते सगळीकडे लावायच्या आधी थोड्या घरांत लावून बघायचं, चालतं की नाही ते झटपट शोधायचं आणि वरच्यांना सांगायचं. ऑफिसात याला रॅपिड इव्हॅल्युएशन म्हणतात.

"म्हणजे तुझे अब्बा कुकर घेताना दुकानातच शिट्टी वाजवून बघायचे, तसं?" अम्मी म्हणाली.

"तसंच."

"आणि त्याचा पगार देतात?"

माझी मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "नानी, इट्स ॲक्च्युअली रिसर्च." अम्मीला त्यातलं काही कळलं नाही, पण नातीनं बाजू घेतली म्हणून तिनं विषय सोडला.

माझ्या वरिष्ठ म्हणजे पुण्याच्या एक डॉक्टर मॅडम. हुशार, शिस्तीच्या, आणि बोलायला सुरीसारख्या. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "हे बघ, आपल्याला इथे पीएच.डी. करायची नाहीये. लोकांनी निर्णय घेऊन टाकल्यावर आलेलं उत्तर कितीही खरं असलं तरी रद्दीतच जातं. लवकर सांग, पण खोटं सांगू नकोस."

तर एका आरोग्य योजनेनं आमच्याकडे एक पेटी पाठवली. नोकरीवाल्यांचे म्हातारे आईवडील इथे मुलांजवळ राहतात, त्यांच्यासाठी. त्यांच्या घरी दर आठवड्याला एक नर्स जायची, साखर बघायची, प्रेशर बघायची, पाय तपासायची. तिला सगळे सिस्टर म्हणत, ती केरळची. आता तिच्या जागी ही पेटी. आत प्रत्येक वेळेच्या गोळ्या भरलेल्या. वेळ झाली की पेटी गोड आवाजात हिंदी, अरबी किंवा इंग्रजीत सांगते, औषध घ्या. झाकण उघडलं की ऑफिसच्या स्क्रीनवर हिरवी खूण उमटते. पेटी पास झाली की सिस्टरच्या भेटी खलास. हा निर्णय आमच्या अहवालावर ठरणार होता, आणि अहवालावर पहिल्यांदाच माझं नाव लागणार होतं.

पहिली भेट उम्म अल कुवैनला, एका खालांकडे. मी त्यांना खाला म्हटलं, कारण त्या निघाल्या आमच्याच खाडीच्या पलीकडच्या. मुलगा इंडस्ट्रियल एरियात कामाला, त्याची बायको गावी बाळंतपणाला, घरात ही दोघंच. आधी फोन करून जायचं, हा आमचा नियम. त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा फरशी चमकत होती, खालांच्या अंगावर ईदचा ड्रेस होता, आणि पेटी शोकेसमध्ये चहाच्या सेटशेजारी, डोक्यावर क्रोशाचा रुमाल घालून बसली होती.

"पेटी कशी वाटते खाला?"

"लय चांगली."

"आवाज ऐकू येतो?"

"लय चांगला."

"काही त्रास?"

"कसला त्रास गो? तुम्ही एवढ्या लांबनं आलात." त्यांनी मॅडमच्या बशीत चौथं सांदण वाढलं. मॅडम नको नको म्हणत खात होत्या.

निघताना खालांनी मला दाराशी थांबवलं आणि टाच दाखवली. टाचेवर बऱ्या झालेल्या जखमेचा डाग. "मला कळलंच नव्हतं. साखरेनं पाय मुके झालेत. सिस्टरनं बघितलं म्हणून पाय राहिला." मग हळूच विचारलं, "ती यायची थांबणार नाय ना?"

मी "बघू, इन्शाल्ला" म्हटलं. आमच्यात इन्शाल्लाचे अर्थ पुष्कळ, 'नक्की'पासून 'विसरा'पर्यंत. खालांनी त्यातला 'नक्की' हाच घेतला असावा, कारण त्यांनी लगेच माझ्या हातात सोड्यांच्या, सुक्या कोलंबीच्या, कालवणाचा डबा कोंबला.

गाडीत मॅडम म्हणाल्या, "अगं, आपण तपासायला आलोय. वस्तू घेता येत नाहीत."

"तुम्ही चार सांदणं घेतलीत."

"ती पोटात गेली. त्याचा पुरावा नाही."

पुढच्या दिवसांत बाकीची घरंही झाली. सगळीकडे पेटी लय चांगली, आणि सगळीकडून एकेक डबा. ऑफिसात स्क्रीन हिरवीगार. पेटी विकणारा मुलगा, चकचकीत बुटांचा, रोज येऊन म्हणायचा, "मॅडम, डेटा तो परफेक्ट है." मॅडमही खूश दिसत होत्या. मलाच चैन नव्हतं. इतकं हिरवं मी आमच्या गावीही बघितलं नव्हतं. आणि आपल्या माणसांना पाहुण्यांसमोर कधी कुठली वस्तू वाईट वाटली आहे? आमच्याकडे पाहुण्यांना खारट चहा दिला तरी पाहुणे दुसरा कप मागतात.

शनिवारी सकाळी अम्मी स्वयंपाकघरातून ओरडली, "ह्या कुणाच्या डब्यांनी माझा ओटा भरलाय? परत कधी करणार?"

"करेन गं."

"आणि रिकामे नेऊ नकोस. आपल्यात डबा रिकामा परत करत नाय."

तिनं नारळाच्या वड्या थापायला घेतल्या आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. तपासणीला जायचं तर फोन करावा लागतो. डबा द्यायला जायचं तर कोण फोन करतं? मी मॅडमना विचारलं. फोनवर आधी नियमांची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "पुण्यात हा प्रश्न येत नाही, कारण आम्ही डबा देतच नाही. पण दुसऱ्याची वस्तू परत करायला नियमांत मनाई नाही. जा. मात्र जे बघशील ते वापरायचं असेल तर त्यांना विचारून."

खालांनी दार उघडलं तेव्हा अंगावर घरची मॅक्सी होती आणि हाताला कांद्याचा वास. मला थेट आत नेलं. पेटीही आता आत होती, गॅसशेजारी, रुमाल कुठेच नाही. आम्ही गावच्या गप्पा मारत बसलो. तेवढ्यात पेटी बोलली, "कृपया अपनी दवा ले लीजिए."

"जी बेटा, लेती हूँ," खालांनी अदबीनं उत्तर दिलं. झाकण उघडलं, गोळ्या काढल्या, वरच्या फळीवरचा डबा उतरवला आणि गोळ्या त्यात टाकल्या. दुधाच्या पावडरीचा डबा. मी तो कुठेही ओळखला असता.

"खाला, गोळ्या खाल्ल्या नाहीत?"

"आता कशी खाऊ? जेवणावर घ्यायच्या ना त्या?"

"मग जेवा ना."

"पोरगा ड्युटीवर. तो आल्याशिवाय मी कधी जेवले काय?"

"मग झाकण कशाला उघडलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू माझी पदवीच खोटी. "ती बाय एवढ्या इज्जतीनं सांगते. तिला काय तसंच बोलत ठेवायचं?"

पोरगा येईपर्यंत डोळा लागतो, मग जेवण कसंतरी उरकतं आणि गोळ्यांची आठवण कुणालाच राहत नाही. "वाया जात नाय गो," खाला म्हणाल्या. "गावी जावेला पण साखर आहे. जाईन तेव्हा घेऊन जाईन."

मला हसू येत होतं आणि ऑफिसातल्या हिरव्या खुणाही आठवत होत्या. मी त्यांना पेटीबद्दल खरं ते सांगितलं: पेटीला फक्त झाकण कळतं, आणि ती पास झाली तर सिस्टर बंद. मग विचारलं, नाव न घेता हे ऑफिसात सांगू का? खालांनी वड्या दुसऱ्या भांड्यात काढून डबा धुतला आणि त्यात खजूर भरले. "सांग. पण सिस्टरला वाटता कामा नये की मी तिचं ऐकत नव्हते."

मग बाकीचे डबे फिरवले, आणि अम्मीनं मॅडमसाठी भरून दिलेला वड्यांचा एक डबाही ऑफिसात पोचवला. अबुधाबीतले एक काका पेटी बोलायच्या आधीच झाकण उघडून ठेवत, कारण दुपारच्या झोपेत त्यांना कुणी टोकलेलं चालत नसे. गोळ्या बशीत, काका पलंगावर. उलट, दिवसभर एकट्या असणाऱ्या एका निवृत्त बाईंना पेटीचा खरोखर आधार होता. त्या झाकण उघडून गोळी घेत आणि पेटीला "थँक्यू" म्हणत. हेही मी लिहून घेतलं. आवडलं नाही म्हणून खरं सोडायचं नसतं.

अहवाल सांगायचा दिवस आला. टेबलाच्या एका टोकाला योजनेचे अरबी साहेब, मोठे सज्जन, दुसऱ्या टोकाला चकचकीत बूट, मागे हिरवीगार स्क्रीन. नमुन्याची पेटी साहेबांसमोर. ती चहाच्या वेळी अरबीत बोलेल अशी मी आधीच लावून ठेवली होती. मॅडमना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांना मला अडवावं लागलं असतं.

साहेब चहाचा घोट घेऊन बोलत होते, भेटींचा वेळ कसा वाचेल ते. पेटी मध्येच बोलली. साहेबांनी बोलणं न थांबवता हात लांबवून झाकण उघडलं. पेटी गप्प झाली. स्क्रीनवर आणखी एक हिरवी खूण उमटली.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही आत्ताच साखरेची गोळी घेतलीत."

साहेबांनी पेटीकडे बघितलं. मग स्क्रीनकडे. गोळी पेटीतच होती. विकणारा मुलगा म्हणाला, "सर, ये तो डेमो है."

"हबीबी," साहेब शांतपणे म्हणाले, "पेटी डेमो असेल, मी नाही."

मग मी सगळं सांगितलं, कुणाचंही नाव न घेता. मॅडम समोरच्या कागदात डोकं घालून बसल्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "विचारलं का नाहीस?"

"नाही म्हणाला असतात."

"म्हणालेच असते," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून माझ्या अम्मीचा डबा काढून दिला. वड्यांचा. त्यात बाकरवडी होती, मोजून असली तरी होती.

सिस्टरच्या भेटी बंद झाल्या नाहीत. ज्यांना पेटी हवी त्यांच्याकडे पेटीही राहिली, आणि तिची वेळ आता घरातल्या जेवणावर लावतात. खालांची पेटी पोरगा आल्यावर बोलते आणि खाला गोळी घेतात. सिस्टर दर आठवड्याला त्यांची टाच बघते. आमच्या कामात आता दुसरी भेट न सांगता होते, घरच्यांनी आधी होकार दिला असेल तर. अहवालावर माझं पूर्ण नाव आहे, आणि नावापुढे माझ्या दोन्ही पदव्या.