कोरीचं पोट कुठल्या अंगाला

राजाभाऊ पेंडशांना आकाशातलं काही विचारलं आणि उत्तर आलं नाही, असं सांगलीत कधी घडलं नाही आणि जर्मनीतल्या बॉबलिंगेनमध्येही नाही. उत्तर बरोबर असायचंच असं काही नाही हं! पण यायचं मात्र लगेच आणि छातीठोक. सगळी नोकरी त्यांनी वीज मंडळात काढली. वीज गेली की अख्खी गल्ली त्यांच्या नावानं खडे फोडायची, आणि हे गृहस्थ गच्चीवर पोरांना गोळा करून मृगाचा बाण दाखवत बसलेले. "एवढा झकास अंधार फुकट मिळालाय, बघून घ्या लेको," म्हणायचे. शिव्या घालायला जिना चढून आलेली माणसंसुद्धा शनीची कडी कशी असतात ते ऐकून खाली उतरायची.

राजाभाऊंच्या पत्नी शुभदाताई गेल्या, आणि मुलगा सिद्धेश वडिलांना जर्मनीला घेऊन आला. सिद्धेश गेर्लिंगेनला इंजिनियर, सून वसुधा सॉफ्टवेअरमध्ये. दोघं सकाळी बाहेर पडली की घरात राजाभाऊ आणि वॉशिंग मशीन. हातपाय हलवणारा माणूस, स्वस्थ बसेल कसा! सकाळचे ब्रेटसेल, म्हणजे इथले पिळाचे पाव, आणायचं काम त्यांनी आपणहून घेतलं, काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगवेगळ्या टाकायला शिकले, वयाच्या सत्तरीत भाषेच्या वर्गात जाऊन बसले. तरी बिल्डिंगमध्ये त्यांची ओळख काय, तर फ्राउ पेंडसेंचे, म्हणजे वसुधाबाईंचे, सासरे. हे त्यांना लागायचं. सांगलीत ज्याला चौकातून जाताना चार माणसं थांबवत, त्याला इथे लिफ्टमध्ये नुसतं "हालो" मिळायचं. कुणाकडे बोलले नाहीत, पण लागायचं, आणि चांगलंच लागायचं.

मग एका पावसाळी रविवारी सगळी श्टुटगार्टला एका संग्रहालयात गेली. तिथे काचेमागे एका लाकडी पाटीची प्रतिकृती होती. मूळ पाटी पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरची. तिच्यावर कोरलेले पक्षी, मासे, माणसं, चंद्रकोरी, ओळीच्या ओळी. ही लिपी आजवर जगात कुणालाही वाचता आलेली नाही, असं खाली लिहिलं होतं. सिद्धेशनं ते वडिलांना मराठीत सांगितलं.

"वाचता न यायला काय झालं?" राजाभाऊ म्हणाले. "पंचांग आहे हे."

सिद्धेश हसला. पण गंमत अशी की अशाच एका पाटीवर चांद्रमासाच्या रात्री मोजल्या आहेत, एवढं जाणकारांनाही मान्य होतं. हे कळल्यावर तर राजाभाऊंना आवरणं कठीण झालं. पुढची सहा वर्षं त्यांनी त्या खुणांच्या पायी घातली. पाटीची गंमत म्हणजे एक ओळ सुलटी, तर पुढची उलटी. वाचणारा ओळ संपली की पाटीच फिरवून धरत असणार. चित्रावरून काम करताना मान मोडायची, म्हणून त्यांनी सरळ लिंडन झाडाचं मऊ लाकूड आणलं, बाल्कनीत बसून पाटी स्वतः कोरली आणि ती फिरवत फिरवत अभ्यास केला. बाल्कनीतला भुसा शेजाऱ्यांच्या धुतलेल्या कपड्यांवर पडला, तेव्हा वसुधा चॉकलेटचा डबा घेऊन माफी मागून आली.

आणि त्यातून त्यांचं एक अनुमान तयार झालं. एका ओळीत एक बारीक कोर होती, आणि तिला खेटून लहान लहान खुणांचा पुंजका. पुंजका म्हणजे कृत्तिका, दुसरं काय! आता कोरीचं फुगीर पोट होतं डावीकडे. लहान पोरालाही कळेल, पोट डावीकडे म्हणजे वद्य पक्षातला, पहाटे उगवणारा चंद्र. पॅसिफिकमधल्या कितीतरी बेटांवर कृत्तिका महिनाभर दिसेनाशा होऊन पुन्हा पहाटे उगवल्या की नवं वर्ष धरायची रीत होती. म्हणजे पहाटेची कोर आणि शेजारी कृत्तिका, हा झाला त्यांचा पाडवा! सगळं कसं चपखल बसत होतं.

गावातल्या ज्येष्ठांच्या व्याख्यानमंडळाचे प्रमुख हेर (म्हणजे श्रीयुत) श्टाइनले यांच्या कानावर हे गेलं, आणि त्यांनी जूनमधलं एक व्याख्यान राजाभाऊंना देऊन टाकलं. पत्रक छापलं. 'हेर राजाराम पेंडसे: चंद्र, कृत्तिका आणि न वाचलेली लिपी.' ते पत्रक राजाभाऊंनी लिफ्टमध्ये स्वतःच्या हातानं चिकटवलं, थोडं मागे सरून पाहिलं, आणि काढून पुन्हा सरळ चिकटवलं. सासऱ्यांचं जर्मन म्हणजे भाजी आणण्यापुरतं, त्यामुळे भाषण वसुधानं लिहून दिलं. सुरेख, घोटीव भाषण. राजाभाऊंनी ते रामरक्षेसारखं तोंडपाठ केलं. मधेच कुणी थांबवलं तर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करावं लागे, पण थांबवलं नाही तर अस्खलित.

व्याख्यानाच्या आठवड्यात वसुधाला नेमकं ऑफिसच्या कामासाठी जोहान्सबर्गला जावं लागलं. त्यातच संकष्टी आली. जर्मनीत उन्हाळ्यातली संकष्टी म्हणजे नुसता छळ. सूर्यच नऊनंतर मावळतो, चंद्र उगवायला जवळजवळ मध्यरात्र. तिकडे मात्र हिवाळा, अंधार लवकर, आणि चंद्रही वेळेवर. घरी संध्याकाळी अजून लख्ख उजेड होता, सिद्धेश काकडी चोचवत होता, आणि वसुधाचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "अहो बाबा, माझा चंद्र उगवला. सोडते उपास!"

राजाभाऊंनी फोटो पाहिला, मोठा करून पाहिला, आणि फोन लावला.

"वसुधा, फोटो उलटा काढलायस."

"नाही हो बाबा."

"अगं, चंद्रावरचा ससा पाय वर करून पडलाय! आणि चतुर्थीचा चंद्र उजवीकडून खाल्लेला असतो. हा डावीकडून खाल्लाय."

"मी काय करू त्याला? इथे तो असाच उगवलाय. थांबा, खालचा रस्ता दिसेल असा काढते."

दुसरा फोटो आला. रस्ता खाली, दिवे सरळ उभे, गाड्या चाकांवर. आणि वर चंद्र, डावीकडून खाल्लेला.

राजाभाऊ खुर्चीत बसले. बाल्कनीतून त्यांनी पाटी आणवली आणि मांडीवर घेतली. दक्षिण गोलार्धात चंद्र उलटा दिसतो हे त्यांनी गच्चीवर पोरांना स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की! सांगितलं होतं, पण सांगलीत उभं राहून. सहा वर्षं ही पाटी त्यांनी प्रत्येक ओळीला फिरवली, आभाळ फिरवायचं मात्र राहून गेलं. ईस्टर बेट विषुववृत्ताच्या खाली. तिथे पोट डावीकडे असलेली कोर पहाटेची नव्हेच, ती शुद्ध पक्षातली, संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी. आणि संध्याकाळच्या कोवळ्या कोरीशेजारी कृत्तिका असतात तेव्हा त्या उगवत नसतात, मावळत असतात. त्यानंतर महिनाभर दिसतच नाहीत. म्हणजे पाडवा गेला उडत! पुंजका म्हणजे खरोखरच कृत्तिका असल्या, तर ती ओळ त्यांच्या येण्याची नव्हती, जाण्याची होती.

"काय झालं बाबा?" सिद्धेशनं विचारलं.

राजाभाऊंनी सांगितलं.

सिद्धेशनं सगळं नीट ऐकून घेतलं. बापाचं काय पणाला लागलंय हे त्याला न सांगता कळत होतं. तो म्हणाला, "बाबा, परवा व्याख्यान. तिथे येणारे कोण, तर निवृत्त डॉक्टर आणि बँकवाले. यातलं कुणाला कळणार आहे? पाठ केलंय ते म्हणा, टाळ्या घ्या, मग सावकाश दुरुस्त करा."

"आणि मला कळलंय त्याचं काय?"

"पण नवीन भाषण लिहून कोण देणार? वसुधा रविवारी येणार. तुम्ही तुमच्या जर्मनमध्ये तिथे..."

खरी गोम तिथेच होती. चुकीचं सांगायचं तर तोंडात सोन्यासारखं जर्मन तयार. खरं सांगायचं तर भाजीबाजाराचं. अख्ख्या गावापुढे बोबडं बोलायचं, तेही आपण चुकलो हे सांगायला! फ्राउ पेंडसेंचे सासरे परवडले म्हणायची वेळ. राजाभाऊ त्या रात्री जेवले नाहीत, आणि सकाळी ब्रेटसेल आणायलाही गेले नाहीत. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

व्याख्यानाला सभागृह बऱ्यापैकी भरलं. हेर श्टाइनलेंनी ओळख करून दिली. राजाभाऊ कोट घालून उभे राहिले आणि घोटलेलं भाषण सुरू केलं. बेट, पाटी, खुणा, उलटसुलट ओळी. आवाज खणखणीत. लोक माना डोलवत होते. मागच्या रांगेत बसलेल्या सिद्धेशला हायसं वाटलं. चला, बाबांनी ऐकलं म्हणायचं! कोर आली, पुंजका आला, पहाट आली, नवं वर्ष आलं. टाळ्या पडल्या.

"आल्झो, तर मंडळी," राजाभाऊ म्हणाले. "हे सगळं चूक आहे."

टाळ्या मधेच तुटल्या. आता तोंडात पाठ केलेला शब्द उरला नव्हता. भिंतीवर त्यांनी वसुधाचा फोटो लावला, बोट ठेवलं आणि आपल्या जर्मनमध्ये म्हणाले, "हा चंद्र. माझी सून आफ्रिकेत. चंद्र तिथे डोकं खाली, पाय वर. मी घरचा चंद्र पाहतो, बेटाची पाटी वाचतो. मूर्ख काम." कुणीतरी हसलं. राजाभाऊंनी पुढच्या रांगेतल्या बाईंची निळी टोपी मागून घेतली, ती पृथ्वी केली, श्टाइनलेंना उठवून चंद्र केलं, आणि टोपीच्या वरून बघा, आता खालून वाकून बघा, असं करत सगळ्यांना वाकायला लावलं. शब्द अडला की हात चालायचे. क्रियापद शेवटी न येता कुठेही यायचं. गच्चीवर लोडशेडिंगच्या अंधारात व्हायचं तेच इथे होऊ लागलं. माणसं खुर्च्या सोडून पुढे आली. एक म्हातारे गृहस्थ पाटी हातात घेऊन फिरवत म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर! मग हिचं पोट संध्याकाळकडे आहे!"

"हो, हो! संध्याकाळकडे!" राजाभाऊ ओरडलेच.

"मग या ओळीचा अर्थ काय, हेर पेंडसे?"

"माहीत नाही," राजाभाऊ तितक्याच छातीठोकपणे म्हणाले. "कदाचित कृत्तिका जातात, लोक वाट बघतात. कदाचित ह्या कृत्तिका नाहीतच, मासे आहेत. पुढच्या वर्षी सांगतो. हेर श्टाइनले, तारीख लिहा."

श्टाइनलेंनी खरोखरच डायरी काढली.

रविवारी वसुधा आली ती रडवेली होऊनच. सिद्धेशनं तिला फोनवर सगळं सांगितलं होतं. बॅग दारात ठेवून ती सासऱ्यांसमोर उभी राहिली. "बाबा, चुकलंच माझं. सहा वर्षांचं तुमचं काम, आणि मी नेमका त्याच आठवड्यात तो फोटो पाठवला. नसता पाठवला तर काय बिघडलं असतं?"

राजाभाऊंनी पाटी बाजूला ठेवली.

"अगं वेडे," ते म्हणाले, "तू तो पाठवला नसतास, तर मी मरेपर्यंत बरोबरच राहिलो असतो."