दादाचं डावं

उंच क्रेनच्या काचेच्या खोलीत अर्धं आयुष्य काढलेल्या त्या माणसाला सगळे 'कावळा' म्हणत. खाली उभं राहून वॉकीटॉकीवर त्याला वाट दाखवणारा माणूस म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. वरून बांधकामाच्या खड्ड्यातलं काही दिसत नसे. धाकटा म्हणेल ती पूर्व दिशा.

या कामात नियम एकच: डावं-उजवं सांगायचं ते क्रेनवाल्याचं, स्वतःचं नाही. समोरासमोर उभं राहिलं की दोघांचं डावं उलटं पडतं. धाकट्याच्या अंगात हे इतकं मुरलं होतं, की जेवताना समोर बसूनही तो म्हणे, "दादा, मीठ तुझ्या डाव्या हाताला."

वहिनी हसायची, "भाऊजी, तुम्हाला स्वतःचे हात आहेत की नाही?"

कावळ्याला त्याचं कधी काही वाटलं नाही. आयतं मिळणाऱ्याला कुठलं वाटणार!

त्या दुपारी खड्ड्याचा काठ ढासळला. लोखंडी तुळई घसरली आणि धाकट्याचा पाय तिच्याखाली सापडला. तुळई अजून क्रेनच्या साखळीत होती. एका बाजूला वळवली तर पाय मोकळा होणार, दुसरीकडे वळवली तर ती छातीवर जाणार. माती सुटतच होती, त्यामुळे वाकून बघायला कुणी धजेना.

"दादा... डावीकडे घे."

"कुणाच्या डावीकडे? तुझ्या की माझ्या? अरे बोल ना!"

वॉकीटॉकीवर नुसती खरखर.

कावळ्याला थांबायला वेळ नव्हता. जिवावर बेतलं की माणूस स्वतःपुरताच उरतो, त्याला वाटलं. मी तिथे असतो तर माझंच डावं म्हणालो असतो. जन्मात पहिल्यांदा त्याने स्वतःला धाकट्याच्या जागी ठेवून पाहिलं. मग त्याने तुळई आपल्या उजवीकडे, म्हणजे धाकट्याच्या डावीकडे, वळवली.

खालून एकच किंकाळी आली. धाकट्याने मरतानाही दादाचंच डावं सांगितलं होतं.

चौकशीला आलेले साहेब भले होते. म्हणाले, "तुमच्या जागी कुणीही हेच केलं असतं."

"धाकट्याने नसतं केलं," कावळा म्हणाला, आणि तिथेच ढसाढसा रडला.

आता तो घरीच असतो. पानात मीठ कमी असलं तरी मागत नाही, तसाच अळणी जेवतो. बायको एकदा मिठाची वाटी त्याच्या डाव्या हाताला ठेवायला गेली, तर तो पानावरून उठला.