चावट नाटकातला माझा नवरा

ह्यांनी नाटकात काम करायचं ठरवलं, तेव्हा मी पहिल्यांदा काय विचारलं असेल, तर "प्रयोग कुठं आहे?" कुणी ओळखीचं बघायला येण्याची शक्यता आहे का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

"इथंच, चिंचवडला," हे म्हणाले. "कंपनीतली सगळी मिळून करायलोत. हिरो मीच."

हे निघोजेजवळच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर आहेत. वय चव्वेचाळीस, पोट सुटलेलं, केस विरळ. मी रावेतच्या शाळेत चौथीला शिकवते. लातूरकडून आलो तेव्हा निघोजेत पत्र्याच्या एका खोलीत राहायचो. आता रावेतला फ्लॅट आहे आणि लिफ्टमध्ये पालक भेटले की "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणतात. ते मॅडमपण मी फार जपत होते.

नाटकाची वही एकदा ह्यांच्या डब्याच्या पिशवीत सापडली. चाळिशी उलटल्यावर लग्न झालेला माणूस, त्याची नवी बायको, थंड हवेच्या गावातलं लॉज आणि करकरणारा पलंग. पानापानावर दोन अर्थांची वाक्यं. चावी कुलपाला लागत नाही म्हणून दोन पानं खर्ची घातलेली. मी वही मिटली.

"लाज नाही वाटत हे बोलायला?"

"वाटती की," हे म्हणाले. "म्हणून तर जमायलंय."

प्रयोग रविवारी दुपारी होता. ह्यांनी माझं पहिल्या रांगेचं तिकीट फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवलं होतं. मी म्हटलं, पेपर तपासायचेत. समोरच्या वहिनींना सांगितलं, ह्यांना ओव्हरटाइम आहे. हे बाईकवर निघून गेले आणि मी पेपरांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले. तीन पेपर तपासले आणि तिन्हींची बेरीज चुकली. शेवटी साडी बदलली, रिक्षा केली आणि नाट्यगृहात जाऊन सगळ्यात मागच्या रांगेत बसले.

पहिली वीस मिनिटं भीती होती तशीच गेली. वाक्यावाक्याला शिट्ट्या पडत होत्या. नायिका पाठ केलेलं घडाघडा म्हणत होती. मी मान खाली घालून बसले होते. मग लॉजच्या खोलीतला प्रसंग आला. वहीत लिहिलं होतं की नवरदेव शर्ट काढून भिरकावतो, प्रेक्षकांकडं बघून डोळा मारतो आणि अख्ख्या नाटकातलं सगळ्यात घाण वाक्य बोलतो.

ह्यांनी शर्ट भिरकावला नाही. काढला आणि त्याची घडी घालायला घेतली. बाह्या आत, कॉलर सरळ. मनासारखी झाली नाही म्हणून मोडून परत घातली. आणि ते वाक्य बोलले ते त्या शर्टाकडं बघत. नाट्यगृह हसलं, पण शिट्टी एकही आली नाही. माझ्या पुढच्या रांगेतली बाई हसता हसता तोंडावर पदर धरून तशीच राहिली.

त्यानंतर वाक्यं तीच होती, पण नाटक बदललं. हा माणूस चावट बोलतोय कारण घाबरलाय, हे सगळ्यांना कळलं होतं. दोघं कधी एकदा नीट बोलतायत, याची लोक वाट बघायला लागले.

मला मात्र पत्र्याची खोली दिसत होती. लग्नानंतर तिथं पहिल्यांदा आलो, तेव्हा ह्यांनी अशीच तीन तीनदा शर्टाची घडी घातली होती आणि काहीतरी पाचकळ बोलले होते. "असलं बोलत जाऊ नका," मी फटकारलं होतं. हा माणूस अंमळ हलकाच आहे, असं मनात धरून मी सतरा वर्षं संसार केला. तो लाजत होता, हे मला तिकीट काढून आलेल्या लोकांबरोबर कळलं.

पडदा पडल्यावर बाहेर आले, तर माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई समोर.

"मॅडम! तुम्ही पण?"

"मैत्रिणीनं ओढून आणलं."

"जरा तसलंच होतं, नाही? पण त्या हिरोनं सावरलं हो. दुसरा कुणी असता तर मी उठून गेले असते. ओळखीचे आहेत का तुमच्या?"

"नाही," मी म्हटलं.

बोलून वळले, तर हे दोन पावलांवर उभे होते. अर्धा रंग पुसलेला, हातात चहाचे दोन कागदी कप. शेवटी दिवे लागल्यावर मी मागं बसलेय हे त्यांना स्टेजवरून दिसलं असणार. माझं "नाही" ऐकून ते सरळ त्या बाईंकडं गेले.

"नमस्कार ताई. आवडलं का?"

ती भरभरून बोलली. ह्यांनी ऐकून घेतलं. मग परक्या बाईशी बोलावं तसं, नजर खाली ठेवून मला विचारलं, "आणि मॅडम, तुमाला?"

"छान झालं."

"घ्या, चहा घ्या दोघी. जास्तीचे आलेत." कप आमच्या हातात देऊन ते आत निघून गेले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा मी ओट्याशी उभी होते. "त्या तुझ्या शाळेतल्या होत्या ना? मला अंदाज आला," एवढंच म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

"रागवा तरी," मी म्हटलं.

"कशाला?" आतून आवाज आला. "हिरो म्हणून सांगावं असं काय हाय माझ्यात?" म्हणाले आणि हसले. ते हसणं खरं होतं की नाही, मला कळलं नाही. सतरा वर्षांत मी ते कधी शिकलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी मी त्या बाईंना गाठलं आणि सांगितलं, काल ज्यांनी चहा दिला ते माझे मिस्टर. ती आधी आनंदली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"मग तेव्हा ओळखीचे नाहीत असं का म्हणालात?"

 तिनंच विषय बदलला, मुलीच्या गृहपाठाचं काढलं.

हेही मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. जेवता जेवता त्यांचा हात थांबला.

"कशाला सांगितलीस?" ते म्हणाले. "परक्याचं काम मी किती चांगलं निभावलो होतो."