ताटात उरवलेला घास

मी अन् बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं. सक्करदऱ्याच्या आमच्या घरी, अंगणातल्या खाटेवर, मध्ये सूप. ती दाणे सुपात टाकत होती, मी तोंडात. तेवढ्यात संस्थेच्या मॅडमचा व्हिडिओ कॉल आला.

ही संस्था परदेशातली पोरं-पोरी शाळेत शिकवायला आणते. एक पोरगी वर्षभर आमच्याकडे राहून दिवाळीनंतर परत गेली. सेवा संपली की संस्था विचारते, काय आवडलं, काय खटकलं. पोरगी म्हणाली, आजी-आबांसमोरच सांगते. तिच्या सांगण्यावरून आमच्याकडे दुसरी पोरगी द्यायची का, ते ठरणार होतं. आम्हाला मूलबाळ नाही. ती गेल्यापासून बायको भांड्यांशी बोलायची. दुसरी तिला हवीच होती.

पडद्यावर पोरगी दिसली तशी बायको म्हणाली, "किती वाळली वं! जेवली का?"

"आजी, तोच तर त्रास होता!"

मॅडमनं समजावून सांगितलं. तिच्या घरचं वळण असं, की ताटात अन्न टाकलं तर रांधणारीचा अपमान. आमचं वळण असं, की पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं तर रांधणारीची लाज जाते. ती ताट पुसून खायची, ही परत वाढायची. पोरगी 'बस' म्हणायची, पण आमच्याकडे पहिलं 'बस' कोण ऐकतं? दोघी वर्षभर एकमेकींचा मान राखत होत्या, अन् पोरीचे कपडे तंग होत होते.

"मी म्हणत होतो, तिचं पोट फुटन एखाद दिवशी," मी म्हटलं.

"तुमी चूप बसा जी! तुमीच म्हणत होते, वाढ, लाजून राहिली ते!" मग पोरीला, "अन् जेवताना डोळ्याले पाणी काहून येत होतं वं?"

"ठेच्यानं, आजी."

बायको इतकी हसली की सूप उलटलं.

"नव्या मुलीला आग्रह करायचा नाही. कबूल?" मॅडम म्हणाल्या. "उद्या कळवते."

बायकोनं तुळशीची शपथ घेतली. फोन बंद झाल्यावर म्हणते, "एक पोळी त वाढीनच."

दुपारी त्या दाण्यांची आमटी केली, गॅस बंद केला अन् तिथंच खाली बसली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. संध्याकाळी घाटावर नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण पिठलं-भाकर घेऊन आली. मी ताट साफ केलं, तिनं वाढलं. परत साफ केलं, परत वाढलं. मग डोकं चाललं. एक घास ताटात तसाच ठेवला. बाई थांबली. पोरीला एवढंच सांगायचं राहिलं होतं.

तेवढ्यात मॅडमचा फोन. "आजींना द्या. आनंदाची बातमी आहे."

"काल गेली ते."

मीच पुढं म्हटलं, "एकट्या म्हाताऱ्याकडे पोरगी नाही देणार तुमी, समजते मले. पोट्टा पाठवा. स्वयंपाक मले येत नाही, आग्रहाची भीती मिटली."

त्या रडायला लागल्या. मी विचारलं, "जेवल्या का?"

शेजारीण गेल्यावर तो उरवलेला घास खाऊन टाकला. ताट रिकामं झालं. वाढायला कोणी आलं नाही.