मशीनला 'हाव' समजेना

आता तुम्हीच सांगा, भरवसा ठेवावा कोणावर? बायकोवर की मशीनवर? थांबा, घाईनं उत्तर देऊ नका. मी दिलं होतं!

दिग्रसला माझा कापूस खरेदीचा धंदा. गाडीतला वरचा कापूस कोणीही पाहतो. मी कोपरापर्यंत हात घालून तळचा काढतो. कॉम्प्युटर मी व्हिडिओ पाहून पाहूनच शिकलो. त्यातला मास्तर एकदा म्हणाला, "समोरचा काहीही टाइप करेल. तपासल्याशिवाय आत घेऊ नका." म्हटलं, हा तर आपल्याच धंद्यातला माणूस!

त्याच सुमारास स्वातीचं, म्हणजे माझ्या मुलीचं, साक्षगंध ठरलं. तुम्ही साखरपुडा म्हणत असाल. पाहुणे भरपूर, म्हणून मी कॉम्प्युटरवर एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. बटण नाही, चित्र नाही, स्क्रीनवर नुसती काळी खिडकी. ती एकेक नाव दाखवून विचारणार, "बोलवायचं?" उत्तर 'हो' असलं तर निमंत्रण जाणार. दुसरं काहीही असलं तर सरळ 'नाही' धरणार. तपासणी म्हणजे तपासणी! शिवाय 'नाही'वाल्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांना गोड निरोप: "कार्यक्रम घरगुती आहे. आपण तिथूनच आशीर्वाद द्यावेत."

माझ्याकडची नावं मी उरकली. माहेरच्या नावांसाठी सुनंदा, माझी बायको, बसली. ती पटापट लिहीत होती, खिडकी दर वेळी म्हणत होती, "नोंद झाली." वा!

दुसऱ्या दिवशी माझ्या बाजूनं फोनच फोन. पोतेवाला येणार, वजनकाट्यावरचा येणार. उमरखेडहून मात्र चकार शब्द नाही! सुनंदाचा मोठा भाऊ तिथं राहतो. मुलीचा सख्खा मामा. शेवटी मीच फोन लावला.

"दादा, केव्हा निघून राह्यले?"

"कायले?"

"साक्षगंधाले!"

"जवाईबापू, तुमीच तं सांगतलं, तिथूनच आशीर्वाद द्या म्हून. सकाळीच देऊन टाकला. पोचला नाही का?"

फोन बंद! मग कळलं, मावशी, काकू, आत्या, अख्ख्या माहेराला तोच निरोप. पोतेवाला मांडवात आणि मामा घरी!

सुनंदा म्हणाली, "माहा भाऊ नाही आला, तं मी बी तिथं बसत नाही."

"अवं, मशीन खोटं बोलत नाही. तूच 'नाही' लिवलं असशीन."

"मी? माह्या भावाले? एकेकाले 'हाव' केलं मी!"

"मंग कर बरं माह्यासमोर."

भावाचं नाव आलं. तिनं लिहिलं, 'हाव'. खिडकी म्हणाली, "नोंद झाली."

"बरोबर तं झालं!" मी म्हणालो. डोळे फाडून पाहिलं. चूक कुठंच नाही. मग हे झालं कसं? व्हायरस? भानामती? (तेवढ्यात तिकडे दादांना तोच निरोप दुसऱ्यांदा गेला, हे मागाहून समजलं.)

स्वाती मागं उभी होती. "बाबा, तुमी स्क्रिप्टमधी काय लिवलं?"

"'हो'."

"आन् आईनं?"

"'हाव'."

"मंग?"

"मंग काय? एकच तं आहे!"

पोरीनं दोन्ही शब्द कागदावर शेजारी शेजारी लिहून दाखवले. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवसभर तोंडानं 'हाव हाव' करणारा मी, लिहायला बसलो की शाळेतला 'हो' काढतो. माणूस दिग्रसचा, स्क्रिप्ट पुण्याची!

तसाच एसटी पकडून उमरखेड गाठलं. दादा ओट्यावर बसलेले. 'या' नाही, 'बसा' नाही. मी सगळं सांगितलं, कान पकडले. "दादा, येता ना?"

त्यांनी मिशीला पीळ दिला. मग म्हणाले, "येतो. पन आधी सांगा, 'हो' म्हणू का 'हाव'? नाहीतं अजून आशीर्वाद मांगसान."

मामा आले, सगळ्यांच्या आधी आले. स्क्रिप्टही सुधारली. आता दोन्ही शब्द चालतात, आणि काही समजलं नाही तर ती परस्पर 'नाही' न धरता पुन्हा विचारते. एवढी अक्कल कापसाच्या गाडीवाल्यालाही असते हो; भाव कळला नाही तर तो 'काय म्हणता?' असं तरी विचारतो!

तुम्ही हा किस्सा गावभर सांगणार, ते मला माहीत आहे. सांगा. पण हिशेब इमानदारीनं ठेवा बरं. मशीनच्या खात्यात काही टाकू नका, सुनंदाच्या तर मुळीच नको. सगळी चूक माझ्याच नावे मांडा. मांडाल ना?

'हाव' म्हणा. आता चालतं.